पाचव्या दिवसाचं पाणी

श्रीनिवास कोंड्यालनं पाइन आणला
स्कूटीवर पायांमध्ये धरून, दोन टॉवेलांत गुंडाळून,
मे महिन्यात, दुपारी अडीचला,
होटगी रोडवर कुत्रंही सावली सोडत नाही तेव्हा.
"पप्पांचं हाय ओ मावशी. पिवळं पडालंय."

मी आधी माणसाचे हात बघते.
त्याच्या नखांत ओली काळी माती होती.

फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली.
लाल ठिपके सरकले असते तर कोळी.
नुसती धूळ, आणि एक वाळकी मुंगी.
मग कुंडीच्या भोकाला नाक लावलं.
(जाऊ म्हणते, ही बाई झाडांचं ढुंगण हुंगते.)
वास आला
चार दिवस बादलीत विसरलेल्या धुण्याचा.

"पाणी किती देतोस?"
"दोनदा. एक दिवस चुकवलो नाही ओ."
प्रगतिपुस्तक पुढं करावं तसं म्हणाला.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री दीडला.
पिंप, घागरी, कुकरसुद्धा भरून ठेवतो आम्ही.
आणि या गावात
एक झाड बुडून मरत होतं.

पाइन लवकर सांगत नाही.
मुळं गेली तरी सुया दोन-तीन महिने हिरव्या,
दिसतं ते हिरवं म्हणजे जुनी बातमी.
कोंड्याल मास्तर माघात गेले.
हिशेब मी मनातच केला.

नखानं साल खरवडली. खालची फांदी तपकिरी.
तिच्यावरची तपकिरी.
शेंड्याजवळ
मुगाच्या सालीएवढं हिरवं.

ही वेळ नव्हे मुळं उघडायची,
थांबायलाही वेळ नव्हता. कुंडी उपडी केली.
"शेतातली चांगली माती घातलो ओ, ज्वारीची."
ज्वारीचं ती माहेर. पाणी धरते, सोडत नाही.
मुळं चिमटीत गळाली, भिजल्या शेवयांसारखी.
एका कोपऱ्यात मात्र, मास्तरांच्या जुन्या खडीत,
पांढरी बुरशी, पिंजलेल्या सुतासारखी.
तो धुवायला निघाला. हातावर चापट मारली.
"राहू दे. तिच्यावर जगतं ते."
मागांच्या खडखडाटात वाढलेला पोरगा,
सूत ओळखायला हवं होतं त्यानं.

मुरूम चाळला, विटांचा चुरा चाळला,
पीठ फेकलं, दाणे ठेवले.
झाड तारेनं कुंडीला बांधलं, हलू नये म्हणून.
खत नाही. तापात कुणी पुरणपोळी वाढत नाही.
कडुलिंबाखाली, सकाळचं ऊन तेवढं.
एक काडी खोचली:
काढायची, गालाला लावायची,
गार लागली तर पाणी नाही.

हेच त्याला जमेना.
रोज यायचा, काडी गालाला लावायचा, उभा राहायचा.
"मग मी काय करू ओ?"
"काही नको."
हात आवरणं हेही काम असतं,
मला ते थोरला पुण्याला गेल्यावर कळलं,
तेही उशिरा.

आषाढात तीन फांद्या कापल्या.
दिवाळीला होतं तसंच.
थंडीत त्यानं मास्तरांचे ग्राफचे कागद आणले.
आयुष्यभर चादरींचे मोर काढले त्या माणसानं
चौकोन मोजून मोजून.
यात मोर नव्हते. हाच पाइन, पेन्सिलीचा,
अकरा फांद्या, आणि समासात तारखा:
ओली. आज नको.
ओली. आज नको.
ओली. आज नको.
पानभर.
श्रीनिवास ते वाचत बसला, चहा गार होईपर्यंत.

पुढचा माघ सरता सरता
शेंड्याला कोंब आला, मेणबत्तीसारखा सरळ,
राखाडी, बोटाच्या पेराएवढा.
खालच्या लाकडावर काही नाही, येणारही नाही.
एका अंगानं उघडंच राहील झाड.

त्यानं काडी काढली, गालाला लावली,
पुन्हा लावली.
"कोरडी हाय."
आदल्या रात्री नळ आला होता.
मी तांब्या त्याच्या हातात दिला.